पोहायचे कसे, हे आपण ठरवू

(धाटाव, ता. रोहा येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बैठकीला नेहमी पोहणाऱ्या, नुकत्याच शिकणाऱ्या आणि पाण्यात कधीच न उतरलेल्या, अशा तिन्ही प्रकारच्या बायका होत्या.)



आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू आले असेल. मारहाण, मजुरी, रेशन, पाणी हे सगळे प्रश्न समोर असताना ट्रायथलॉनमध्ये कोणत्या पद्धतीने पोहावे यावर बोलायचे? पण मला वाटते, हा प्रश्न आपल्या नेहमीच्या प्रश्नांपासून फार दूर नाही. बाईच्या शरीराने काय करावे, कसे करावे, किती करावे हे कोणी ठरवायचे, हाच तो प्रश्न आहे. यावेळी तो पाण्यात विचारायचा आहे, एवढेच.

आधी ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगते. पोहणे, सायकल आणि धावणे या तीन गोष्टी मध्ये न थांबता एकामागून एक करायच्या. नव्याने उतरणाऱ्यांसाठी दोन छोटी अंतरे असतात. सर्वांत लहान प्रकारात साधारण ४०० मीटर पोहणे, १० किलोमीटर सायकल आणि अडीच किलोमीटर धावणे. त्यापुढचा, ज्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात, त्यात ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. पोहणे सहसा पहिले असते. थकलेल्या माणसाला पाण्यात उतरवणे धोक्याचे, हे त्याचे साधे कारण.

आता ज्या बायकांना यात भाग घ्यावासा वाटतो, त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा असे असते : “सायकल येते. धावण्याचे जमवीन. पोहताही येते, पण डोके वर ठेवून, बेडकासारखे. ते फ्रीस्टाईल काही येत नाही. मग नाव कशाला देऊ?” या ‘मग नाव कशाला देऊ’वर मला आज बोलायचे आहे.

नियम काय म्हणतो?

जागतिक ट्रायथलॉन संघटनेचा नियम अगदी स्पष्ट आहे. स्पर्धकाने पाण्यात पुढे जाण्यासाठी कोणतीही पद्धत वापरावी. जागच्या जागी पाय मारत उभे राहावे, तरंगावे, तरी चालते. दम लागला तर बोयाला किंवा थांबलेल्या होडीला धरून विसावा घ्यावा. त्या आधाराने स्वतःला पुढे ओढायचे नाही, एवढीच अट. मदत हवी असेल तर हात वर करायचा.

म्हणजे फ्रीस्टाईल आलेच पाहिजे, असे नियमात कुठेही नाही. ते आपल्या मनात आहे, आणि ते तिथे दुसऱ्या कोणीतरी आणून ठेवले आहे. गंमत अशी, की ‘फ्रीस्टाईल’ या शब्दाचा अर्थच मुळी मोकळी पद्धत. आपण ज्याला फ्रीस्टाईल म्हणतो, त्या एकामागून एक हात टाकत पोहण्याच्या पद्धतीचे खरे नाव ‘क्रॉल’. ती सर्वांत वेगवान म्हणून सगळे जलतरणपटू तीच वापरू लागले आणि मोकळेपणाचे नाव एकाच पद्धतीला चिकटले. नाव मोकळे, सवय मात्र सक्तीची! आपल्या ओळखीची गोष्ट आहे ना?

प्रत्येक आयोजक आपले माहितीपत्रक काढतो. ते नीट वाचावे. त्यात पोहण्यासाठी किती वेळ दिला आहे, हे पाहणे महत्त्वाचे. गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या मोठ्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहायचे असते आणि या प्रकारच्या स्पर्धांत त्यासाठी साधारण सत्तर मिनिटे मिळतात. तिथे हळू पोहणारीला वेळेचा विचार करावाच लागतो. आपण बोलतो आहोत ते ४०० आणि ७५० मीटरबद्दल. तिथले गणित वेगळे आहे, ते पुढे मांडते.

बायका आणि पाण्याचा इतिहास

१८७५ साली मॅथ्यू वेब या इंग्रज माणसाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली. पावणेबावीस तास लागले आणि तो पोहला ब्रेस्ट स्ट्रोक, म्हणजे हेच आपले बेडकासारखे. तेव्हा त्या पद्धतीला कोणी कमी लेखले नाही. पुढे १९२६ साली ऑगस्टच्या ६ तारखेला गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी क्रॉल पोहत तीच खाडी पार करून गेली. खाडी पोहणारी ती पहिली बाई. तिला साडेचौदा तास लागले, आणि तोवरच्या प्रत्येक पुरुषापेक्षा ती सुमारे दोन तासांनी तरी लवकर पोहोचली. आपल्या आरती साहांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी ही खाडी पार केली. असे करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्या उतरल्या होत्या, त्या २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये.

तरीही ऑलिंपिकमध्ये पुरुष १९०८ पासून १५०० मीटर पोहत होते आणि बायकांना ते अंतर मिळायला २०२१ साली झालेले टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. शंभराहून अधिक वर्षे! बायका इंग्लिश खाडी पोहून आल्या तरी तलावातले पंधराशे मीटर त्यांना झेपेल का, अशी शंका चालूच होती.

ट्रायथलॉन या बाबतीत थोडे बरे. हवाई बेटावर १९७८ साली पहिली ‘आयर्नमॅन’ झाली, तेव्हा उतरलेले पंधराही जण पुरुष होते. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आले, तेव्हा पहिल्याच दिवसापासून बायकांना आणि पुरुषांना अंतर सारखे होते, आणि बायकांची शर्यत पुरुषांच्या आदल्या दिवशी झाली.

आपल्या जवळचे सांगायचे तर पेणजवळच्या धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे साधारण ३५ किलोमीटरचे अंतर मुलींनी पोहून पार केले आहे. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहून दाखवले. झेपण्याचा प्रश्न आता निकालात निघाला आहे. उरला तो शिकायला मिळण्याचा.

कोणती पद्धत कशासाठी?

क्रॉल : यात काम मुख्यतः हात आणि खांदे करतात. पाय थोडेच हलवावे लागतात, त्यामुळे ते पुढच्या सायकलसाठी आणि धावण्यासाठी ताजे राहतात. हा खरा फायदा. अडचण श्वासाची. चेहरा पाण्यात असताना श्वास सोडायचा आणि मान वळवून बाजूला घ्यायचा, हे अंगवळणी पडायला आठवडे लागतात. नव्या बायका पाण्यात श्वास रोखून धरतात आणि वर आल्यावर एकाच क्षणात सोडणे-घेणे दोन्ही करू पाहतात. मग चार हातांतच छाती भरून येते आणि ‘माझ्यात ताकद नाही’ असे वाटते. ताकद असते, श्वास बाहेर टाकलेला नसतो. दुसरी अडचण दिशेची. तलावात तळाला रेघ असते. समुद्रात, धरणात ती नसते, म्हणून सहा-आठ हातांनंतर डोळे वर काढून बोया पाहावा लागतो.

ब्रेस्ट स्ट्रोक : दर हाताला तोंड वर येते, श्वास मिळतो, समोरचे दिसते. मनाला धीर राहतो. गढूळ किंवा हलत्या पाण्यात ही फार मोठी गोष्ट आहे. तोटा असा, की यात जोर पायांचा असतो. मांड्या आणि गुडघ्याची आतली बाजू दमते, आणि लगेच सायकलवर बसायचे असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जपावे. पाय बाहेर फाकत असल्यामुळे शेजारणीला लाथ बसू शकते, म्हणून गर्दीत थोडे अंतर ठेवावे. डोके सतत वर ताणून धरले तर मान आणि कंबर धरते. तोंड पाण्यात बुडवून, पाण्यात श्वास सोडून हीच पद्धत पोहली तर त्रास निम्मा होतो.

बॅक स्ट्रोक, म्हणजे उताणे पोहणे : तोंड सतत पाण्याबाहेर, त्यामुळे दम खायला उत्तम. पण पुढचे काही दिसत नाही आणि वाट भरकटते. हिला विसाव्याची पद्धत समजा. पाण्यात घाबरल्यावर उताणे होऊन तरंगता येणे हे स्पर्धेपुरते नसून जन्मभराचे शस्त्र आहे.

कुशीवर पोहणे : हळू, पण दम टिकवणारे. ज्यांना येते त्यांनी खुशाल वापरावे. बटरफ्लाय दिसायला देखणे, पण खूप दमवणारे. पहिल्या ट्रायथलॉनमध्ये त्याचे काम नाही.

आता गणित. समजा, ब्रेस्ट स्ट्रोकने तुम्हाला १०० मीटरला साडेतीन मिनिटे लागतात आणि नुकत्याच शिकलेल्या क्रॉलने अडीच. ७५० मीटरला पहिल्या पद्धतीने सव्वासव्वीस मिनिटे होतील, दुसऱ्या पद्धतीने पावणेएकोणीस. फरक साडेसात मिनिटांचा. सगळी स्पर्धा नवख्या बाईला दोन तासांच्या आसपास घेते. त्यात ही साडेसात मिनिटे म्हणजे काय? ४०० मीटरला तर फरक चारच मिनिटांचा. चार मिनिटांसाठी कोणी बाईला घरी बसवत असेल, किंवा बाई स्वतःच घरी बसत असेल, तर दोष पद्धतीचा नाही.

म्हणून माझे मत असे : पहिल्या ट्रायथलॉनला तीच पद्धत निवडा, जिच्यात तुम्ही थकल्यावरसुद्धा शांतपणे श्वास घेऊ शकता. वेग हा नंतरचा विचार. क्रॉल शिकावे, जरूर शिकावे, कारण पाय वाचतात. पण ते येईपर्यंत थांबू नये. दोन्ही मिसळून पोहण्यात कमीपणा नाही. वीस हात क्रॉल, मग चार हात ब्रेस्ट स्ट्रोक, त्यातच बोया बघून घ्यायचा आणि पुन्हा क्रॉल.

स्वतःची परीक्षा

कोणाला विचारायची गरज पडू नये म्हणून एक साधी परीक्षा सांगते. २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या म्हणजे २०० मीटर. न थांबता, एकाच पद्धतीने पोहा. काठाला आल्यावर एक पूर्ण वाक्य बोलून पाहा. बोलता आले, तर ती पद्धत तुमची. शब्द तुटत असतील, तर वेग कमी करून पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी दुसरी पद्धत तपासा. जिच्यात वाक्य पूर्ण होते ती निवडा. मग अंतर वाढवत न्या : ४०० मीटरसाठी सोळा फेऱ्या, ७५० साठी तीस. शेवटच्या आठवड्यांत पोहून झाल्यावर लगेच सायकल चालवून बघा, म्हणजे मांड्या काय म्हणतात ते कळेल. ब्रेस्ट स्ट्रोकवाल्यांनी हे टाळू नये.

एक गंभीर गोष्टही सांगायला हवी. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना एका अभ्यासात मोजल्या गेल्या. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या. धोका पाण्यात जास्त आहे. म्हणून आधी तपासणी करून घ्या : रक्तदाब, हृदय आणि हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. धाप लागते ती पुष्कळदा त्यामुळे. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल ते खाणारी बाई तलावात दम टिकवेल कुठून? सरावाची सुरुवात ताटापासून होते.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या झुंडीत शिरू नका. कडेला उभे राहा, दहा अंक मोजा आणि मग निघा. सुरुवात मुद्दाम हळू करा. छाती भरून आली तर उताण्या व्हा, बोया धरा, हात वर करा. मदत मागणे म्हणजे हरणे नव्हे. स्पर्धेने ती सोय आपल्यासाठीच ठेवली आहे.

कपडे आणि पाळी

सुती सलवार किंवा साडी पाण्यात जड होते, पायांत अडकते आणि खाली ओढते. हा प्रश्न मर्यादेचा नाही, जिवाचा आहे. अंगाला बसणारा, पाणी न पिणारा पोहण्याचा पोशाख हवा. ज्यांना अंग झाकून पोहायचे आहे त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोशाखही मिळतात. काय घालायचे ते बाईने ठरवावे, काठावर उभे राहून बघणाऱ्यांनी नाही. पाळीत पोहायला आरोग्याची काही आडकाठी नाही. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप वापरता येतो. ज्या दिवशी अंग दुखते त्या दिवशी विश्रांती घ्यावी, पण ती आपल्या मर्जीने, विटाळ म्हणून नव्हे.

पाणी कुठले?

आता धाटावकडे येऊ. आपल्या उशाला कुंडलिका आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येते आणि डोलवहाल बंधाऱ्यावरून पुढे सरकते. कोलाडजवळ याच सोडलेल्या पाण्यावर शहरातले पर्यटक पैसे मोजून, जॅकेट घालून राफ्टिंग करतात. काठावरच्या बाईच्या वाट्याला धुण्याचा दगड. आपल्या गावांत मुलगे कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मुलीला मात्र “पाण्याजवळ जाऊ नकोस” एवढेच शिकवले जाते. आणि तिनेच आयुष्यभर पाण्याजवळ जायचे असते : धुणी घेऊन, हंडे घेऊन, मासे धरायला.

याची किंमत काय असते? २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने केलेल्या पाहणीत तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये ३९१ बायका आणि १४६ पुरुष मेल्याची नोंद आहे. यामागे अनेक कारणे होती. बायकांना पोहता न येणे हे त्यांतले एक. आपल्याही जिल्ह्याने १९८९ च्या जुलैमध्ये जांभूळपाडा आणि नागोठण्याचा पूर पाहिला, २०२१ च्या जुलैमध्ये महाडचा. पुराच्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही वाहून जातो, हे खरे. पण न घाबरता तरंगता येणे आणि अजिबात न येणे यांत कधी कधी जीव वाचण्याएवढे अंतर असते.

म्हणून नदीत सराव करा, असे मात्र मी मुळीच सांगणार नाही. वीजघरातून पाणी सुटले की पातळी आणि ओढ एकाएकी वाढते. खाली औद्योगिक वसाहतीचा प्रश्न आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे होते आणि आपली कुंडलिका त्यांत होती. ज्या पाण्यात तोंड बुडवायची भीती वाटते, तिथे क्रॉल की ब्रेस्ट स्ट्रोक ही निवडच उरत नाही. पद्धत निवडण्याचा हक्क स्वच्छ पाण्यापासून सुरू होतो. सराव जीवरक्षक असलेल्या तलावात करावा. समुद्रात उतरायचे तर पावसाळा सोडून, भरती-ओहोटी जाणणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन, आणि एकटीने कधीच नाही.

आपण काय करायचे?

तलाव आहेत तिथेही अनेक ठिकाणी बायकांची वेळ भर दुपारची असते. कारखान्यात पाळीवर जाणारी, शेतावर जाणारी, शाळेत शिकवणारी बाई त्या वेळी येणार कशी? तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. तालुक्यात परवडणाऱ्या शुल्काचा तलाव हवा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर बायकांची वेळ हवी. शिकवायला बाई हवी, जीवरक्षक हवा. शाळेतल्या मुलींना पोहणे शिकवले जावे. नदीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. ग्रामसभा आपली आहे. तिथे हे विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. कारखाने आपल्या नफ्याचा काही भाग सामाजिक कामासाठी कायद्याने बाजूला काढतात. त्यातून तलाव का होऊ नये, हेही विचारू या.

आणि जिला आजच सुरुवात करायची आहे तिने तलाव मिळेपर्यंत थांबू नये. एका बादलीत पाणी घ्या. तोंड बुडवा, नाकातोंडातून हळूहळू बुडबुडे सोडा, मान बाजूला वळवून श्वास घ्या. दहा वेळा. क्रॉलचा सगळ्यात अवघड भाग तोच आहे आणि तो न्हाणीघरात शिकता येतो. ज्यांना पोहता येते त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत एकेकीला आपल्याबरोबर तलावावर न्यायचे. दोघी-दोघी असल्या की घरचेही फारसे अडवत नाहीत, आणि पाण्यातही ते सुरक्षित. स्पर्धेत नाव द्यायचे की नाही ते नंतर ठरवू. कसे पोहायचे, ते मात्र जिचे तिने.